सल्फाच्या झोनमधली धूसर कड

म्युलर-हिंटन अगारच्या प्लेटवर अँटिबायोटिकच्या डिस्क तुम्ही नक्की ठेवल्या असतील. संध्याकाळी लॉन टाकायचं, रात्रभर इन्क्युबेटर, सकाळी पट्टी घेऊन झोन मोजायचा. जेंटामायसिनच्या डिस्कभोवती कड स्वच्छ येते. सल्फाच्या किंवा को-ट्रायमॉक्साझोलच्या डिस्कभोवती मात्र कडेला एक फिकट, धुक्यासारखी वाढ राहते. पट्टी नेमकी कुठे लावायची कळत नाही. त्यासाठी नियम आहे: लॉनच्या साधारण २० टक्क्यांपर्यंतची फिकट वाढ सोडून द्या, ठळक कडेपासून मोजा.

मी प्रॅक्टिकलला विचारलं होतं, ‘पण ती येते का?’ उत्तर मिळालं, ‘जर्नलमध्ये कड सोडून मोजलं असं लिहा.’ लिहिलं. पुढे पीएच.डी.ला लागल्यावर स्वतःच्या प्रयोगात तीच कड वेगळ्या वेषात समोर आली आणि दोन महिने खाऊन गेली, तेव्हा कुठे मी तिचा इतिहास वाचायला बसलो.

आजची पोस्ट त्या कडेबद्दल आहे. म्हणजे खरं तर, जिवाणूमधलं एखादं प्रथिन बंद पाडायच्या निरनिराळ्या पद्धती कशा आल्या आणि त्यांतून मिळणारी उत्तरं एकसारखी का नसतात, याबद्दल. हे आत्ताच लिहायचं कारण असं की पेट झालेल्या दोन-तीन ज्युनिअर्सचे सिनॉप्सिस नुकतेच वाचले. प्रत्येकात एक वाक्य होतंच: ‘सदर जनुकाचा क्रिस्परने नॉकआऊट करून कार्य तपासले जाईल.’ त्यातलं एक जनुक असं होतं की ते काढलं तर जिवाणू जगतच नाही. म्हणजे नॉकआऊट ‘यशस्वी’ झाला तर प्लेटवर काहीच उगवणार नाही, आणि फसला तरीही काही उगवणार नाही. समितीने हेच विचारलं तर काय सांगशील, म्हटल्यावर तो गप्प. चूक त्याची नाही. आपल्याकडे पद्धती यादीसारख्या शिकवतात. कोणती पद्धत कोणत्या अडचणीतून जन्मली, ते कोणी सांगत नाही.

तर सुरुवात परळपासून करू.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. तिथून तो रेल्वेच्या रुळांबरोबर आत सरकला, आणि आपला खान्देश तर रेल्वेवरच बसलेला. तेव्हा खान्देश हा एकच जिल्हा होता. पूर्व आणि पश्चिम खान्देश ही विभागणी १९०६ ची, त्यातून पुढे जळगाव आणि धुळे. गाव मोकळं करून शेतात झोपड्या टाकून राहायचं, उंदीर मेलेला दिसला की भांडीकुंडी उचलायची, हे त्या पिढीने केलं. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली, १० जानेवारी १८९७ ला ती स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये प्लेग रिसर्च लॅबोरेटरी सुरू झाली, आणि १९२५ पासून तिचं नाव हाफकिन इन्स्टिट्यूट.

लस निरोगी माणसासाठी. ज्याच्या जांघेत गाठ आलीच आहे, त्याला द्यायला चाळीसेक वर्षं भरवशाचं असं काही नव्हतं.

१९३५ मध्ये जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी प्रोन्टोसिल या लाल रंगद्रव्याचे परिणाम प्रसिद्ध केले: स्ट्रेप्टोकॉकसने मरायला टेकलेले उंदीर वाचत होते. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या गटाने दाखवलं की काम रंगाचं नाही, शरीरात त्यापासून सुटणाऱ्या सल्फानिलामाइड या साध्या तुकड्याचं आहे. मग सल्फाचा पूर आला: सल्फापिरिडिन, सल्फाथायाझोल आणि कितीतरी. हाफकिनमध्ये तेव्हा संचालक होते साहिबसिंग सोखी, त्या खुर्चीवरचे पहिले भारतीय. औषधशास्त्राचं काम भालचंद्र बाबाजी दीक्षित बघायचे. हेच पुढे दिल्लीच्या एम्सचे पहिले संचालक झाले. के. गणपती सल्फाच्या रसायनावर काम करत होते. १९४० साली सोखी आणि दीक्षित यांचा प्लेगवरच्या सल्फाथायाझोल आणि सल्फापिरिडिनचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. प्लेग झालेल्याला गोळी देऊन वाचवता येईल, ही शक्यता परळच्या त्या इमारतीतून जगापुढे गेली.

आता आपल्या विषयाच्या दृष्टीने बघा. सोखी आणि दीक्षित जिवाणूमधलं एक प्रथिन बंद पाडत होते. कोणतं, ते त्यांना माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. प्लेगच्या जिवाणूला ‘जनुकं’ असतात की नाही, हेसुद्धा त्या काळी धड ठरलेलं नव्हतं. औषध आधी आलं, प्रथिन नंतर सापडलं.

नंतर म्हणजे किती नंतर? पहिला धागा त्याच वर्षी मिळाला. लंडनमध्ये डोनाल्ड वूड्स यांच्या लक्षात आलं की यीस्टच्या अर्कात असं काहीतरी आहे जे घातलं की सल्फाचा परिणाम पुसला जातो. ते होतं पॅरा-अमिनोबेन्झोइक आम्ल, ज्याला आपण पाबा म्हणतो. पाबा आणि सल्फानिलामाइड यांची रचना जवळजवळ जुळी. वूड्स यांचा तर्क असा: जिवाणूमधलं कुठलं तरी एन्झाइम पाबा वापरतं, सल्फा त्याची जागा अडवून बसतं. तर्क बरोबर निघाला, पण ते एन्झाइम पेशीबाहेर काढून, नळीत पाबा आणि सल्फा यांची झुंज लावून दाखवायला १९६२ उजाडलं. जीन ब्राऊन यांनी ते केलं. त्या एन्झाइमचं नाव डायहायड्रोप्टेरोएट सिंथेज. जिवाणू त्याच्या मदतीने स्वतःचं फोलेट बनवतो. माणूस फोलेट अन्नातून घेतो, म्हणून त्याला सल्फाची या बाजूने झळ बसत नाही.

आता कडेकडे परत येऊ. सल्फाने एन्झाइम अडवलं त्या क्षणी जिवाणूच्या पोटात आधी बनवलेलं फोलेट शिल्लक असतंच. जुनं धान्य संपेपर्यंत घर चालतं, तसं ते चालतं. एक पेशी विभागली की साठा दोघींत वाटला जातो. एका विभाजनानंतर निम्मा, दुसऱ्यानंतर पाव, पाचव्यानंतर बत्तिसावा हिस्सा. काही पिढ्यांनी वाढ थांबते. अगारवर झालेल्या त्या चार-पाच पिढ्या म्हणजेच तुमची धूसर कड. जेंटामायसिन थेट रायबोसोमवर घाव घालतं, तिथे वाटून खायला साठाच नसतो, म्हणून कड स्वच्छ.

एवढंच नाही. तुमच्या अगारमध्ये थायमिडिन जास्त असेल तर कड आणखी आत सरकते, कधी झोनच दिसत नाही, कारण फोलेटशिवाय जे बनत नाही ते जिवाणूला आयतं मिळतं. म्युलर-हिंटनमध्ये थायमिडिन कमी असावं ही अट त्यासाठी. पुवाने भरलेल्या जखमेत सल्फा फिकं पडतं त्यामागेही हेच: मेलेल्या पेशींतून हे सगळं आयतं सांडलेलं असतं. म्हणजे प्रथिन शंभर टक्के बंद असूनही परिणाम शून्य दिसू शकतो. ही गोष्ट वहीत एका कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे लागेल.

परळहून आता कुलाब्याला जाऊ. साल तेच, १९६२.

ओबेद सिद्दिकी मूळचे उत्तर प्रदेशातल्या बस्तीचे, अलिगढला शिकलेले, ग्लासगोला ग्विडो पाँटेकॉर्वो यांच्याकडे पीएच.डी. केलेले. मग अमेरिकेत ॲलन गॅरेन यांच्याबरोबर त्यांनी ई. कोलायच्या अल्कलाइन फॉस्फटेजवर काम केलं, आणि होमी भाभांनी बोलावल्यावर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत येऊन रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. अणुभौतिकीच्या संस्थेत जिवाणूंच्या प्लेट! त्या काळच्या भौतिकीवाल्यांना काय वाटलं असेल याची कल्पना करून मला नेहमी हसू येतं.

अल्कलाइन फॉस्फटेजच का? कारण ते एन्झाइम गेलं तरी, माध्यमात साधं फॉस्फेट असेल तर जिवाणू खुशाल जगतो. आणि आहे की नाही ते तपासायला पीएनपीपी घातलं की झालं. एन्झाइम असेल तर पिवळं. तुम्ही हा प्रयोग केलाय. ज्याला हात लावला तरी प्राणी मरणार नाही आणि ज्याचा निकाल डोळ्यांना दिसेल, असं प्रथिन निवडणं ही त्या काळच्या लोकांची अर्धी हुशारी होती. आपण सहसा उलटं करतो, सर्वांत ‘महत्त्वाचं’ प्रथिन निवडतो आणि अडकतो.

गॅरेन आणि सिद्दिकी यांच्याकडे या जनुकातले बरेच म्युटंट होते, सगळे पिवळा रंग न देणारे. ही म्युटेशन त्यांनी ई. कोलायच्या एका वेगळ्या स्ट्रेनमध्ये नेली तेव्हा काहींमध्ये एन्झाइम थोड्या प्रमाणात परत दिसायला लागलं. सगळ्यांत नाही, ठरावीक म्युटंटमध्येच. म्युटेशन जागच्या जागी होतं, पण घर बदललं की प्रथिन तयार होत होतं. त्यांनी १९६२ मध्ये मांडलेला अर्थ असा: या म्युटेशनमुळे प्रथिनातला एखादा मणी बदललेला नाही, तर वाक्याच्या मध्येच निरर्थक शब्द आलाय आणि प्रथिन पूर्णच होत नाही, दुसऱ्या स्ट्रेनमध्ये मात्र त्या शब्दाला अर्थ देणारं काहीतरी आहे. बेंझर आणि चॅम्प यांना त्याच वर्षी फेजमध्ये तसंच दिसलं. पुढे १९६५ मध्ये तो शब्द यूएजी हा कोडॉन असल्याचं ठरलं. आपण त्याला ‘अँबर’ म्हणून ओळखतो, आणि अर्थ देणारं ते काहीतरी म्हणजे बदललेला टीआरएनए, अर्थात सप्रेसर.

यातून हातात काय आलं ते नीट बघा. प्रथिन बंद पाडायचं आणि हवं तेव्हा चालूही ठेवायचं, अशी पहिल्या काही सोयींपैकी ही एक. सप्रेसर असलेल्या स्ट्रेनमध्ये म्युटंट वाढवा, सप्रेसर नसलेल्यात नेऊन परिणाम बघा. फेजच्या जनुकांचा सगळा नकाशा १९६० च्या दशकात या युक्तीवर उभा राहिला.

शिवाय हा इतिहास तुमच्या उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये पडलाय. डीएच५-अल्फा प्रत्येकाकडे असतो. त्याच्या जीनोटाइपची लांबलचक ओळ कधी वाचलीत का? त्यात ‘सप-ई-४४’ लिहिलेलं असतं. तो अँबर सप्रेसर आहे. म्हणजे तुम्ही हौसेने तुमच्या जनुकात यूएजी घातला आणि प्लास्मिड डीएच५-अल्फामध्ये तपासलं, तर ‘बंद पाडलेलं’ प्रथिन थोडं थोडं तयार होत राहील. मग पाश्चात्त्य डाग-चाचणीत, म्हणजे आपल्या वेस्टर्न ब्लॉटमध्ये, पूर्ण लांबीचा फिकट बँड दिसेल आणि तुम्ही अँटिबॉडीला शिव्या द्याल.

दुसरी सोय उष्णतेची. जनुकात असा बदल की ३० अंशांवर प्रथिन ठीक, ४२ अंशांवर ते उलगडतं. याला तापमान-संवेदी म्युटंट म्हणतात. अत्यावश्यक जनुकांसाठी कित्येक वर्षं हाच राजमार्ग होता. एफटीएस-झेड-८४ हा नमुना घ्या: ३० ला व्यवस्थित विभागणारा ई. कोलाय ४२ वर नेला की विभाजन थांबतं, वाढ चालू राहते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली शेवयांसारख्या लांब पेशी दिसतात. ही पद्धत वेगवान आहे, कारण ती जनुकाला नाही, तयार प्रथिनालाच हात घालते. जुना साठा संपायची वाट बघायला नको.

पण ४२ अंशांना नुसता निरोगी ई. कोलायसुद्धा बिचकतो, उष्णतेला तोंड देणारी त्याची यंत्रणा जागी होते. म्हणून म्युटंट नसलेला ई. कोलायही ४२ वर नेलाच पाहिजे, नाहीतर जे दिसतंय ते प्रथिनाचं की उन्हाचं, कसं सांगणार? आणि ‘३० अंश’ हे तापमान मे महिन्यात जळगाव-भुसावळला काय चीज आहे ते तुम्हाला सांगायला नको. आपल्या साध्या इन्क्युबेटरला गरम करता येतं, थंड करता येत नाही. खोलीच ३८ वर असेल तर तुमचा म्युटंट प्रयोगाआधीच अर्धमेला. हे म्युटंट घेणार असाल तर कूलिंगचा इन्क्युबेटर आणि वीज गेल्यावर त्याला आधार, एवढं आधी बघा. नाहीतर हिवाळ्यात काम उरका, मी तेच केलं.

आता मुद्द्याचं. एकच प्रथिन औषधाने बंद केलं काय आणि म्युटेशनने बंद केलं काय, निकाल एकच यायला हवा ना? वाटतं तसं. दोन उदाहरणं सांगतो, दोन्ही मला तोंडपाठ करून ठेवावीशी वाटतात.

पहिलं नॅलिडिक्सिक आम्लाचं. हेही १९६२ चंच. त्या वर्षाला काय झालं होतं कोण जाणे. सिप्रोफ्लॉक्सासिनचा हा आजोबा. तो डीएनए गायरेज या एन्झाइमवर काम करतो हे १९७० च्या दशकात कळलं. सरळ निष्कर्ष असा की गायरेजचं काम थांबतं म्हणून जिवाणू मरतो. १९७९ मध्ये क्रॉयझर आणि कोझारेली यांनी गायरेजच्या ए उपघटकाचे तापमान-संवेदी म्युटंट घेतले आणि दोन्ही पद्धती शेजारी शेजारी लावल्या. टी७ हा फेज नॅलिडिक्सिक आम्ल घातलं की वाढत नव्हता. पण औषधाऐवजी उष्णतेने गायरेज बंद केलं, तर टी७ मजेत वाढत होता! गायरेज नसण्याने टी७ चं काही अडत नाही. अडतं ते औषधाला चिकटलेल्या गायरेजमुळे. औषध एन्झाइमला नुसतं झोपवत नाही, त्याला डीएनएवर अडकवून ठेवतं, आणि ते अडकलेलं एन्झाइमच विष होतं. रस्त्यावरून ट्रक नाहीसा होणं वेगळं आणि ट्रक घाटात आडवा होणं वेगळं. सिप्रोफ्लॉक्सासिन खाऊन बरे होणारे सगळे या आडव्या ट्रकमुळे बरे होतात.

समजा त्यांनी एकच पद्धत वापरली असती तर? औषधाचा निकाल बघून ‘टी७ ला गायरेज लागतं’ असं छापून आलं असतं आणि पुढची पिढी ते खरं मानून चालली असती.

दुसरं उदाहरण आयसोनियाझिडचं, क्षयाच्या गोळीचं. १९५२ पासून ती वापरात आहे. तिचं लक्ष्य कोणतं यावर चाळीस-पन्नास वर्षं वाद. १९९२ मध्ये कळलं की कॅट-जी हे एन्झाइम गेलेले क्षयजंतू औषधाला दाद देत नाहीत. घाईघाईने बघणारा म्हणेल, कॅट-जी हेच लक्ष्य. पण नाही. आयसोनियाझिड गोळीच्या रूपात निरुपद्रवी असतं. कॅट-जी ते कार्यक्षम करतं. कॅट-जी काढलं की जंतूने आपल्याच घरातला फितूर हाकलला, एवढाच त्याचा अर्थ. ‘प्रथिन काढलं, परिणाम बदलला’ यावरून त्या प्रथिनाचं काम ठरवताना हे उदाहरण आठवा.

१९९४ मध्ये आयएनएच-ए या एन्झाइमचं नाव पुढे आलं, १९९८ मध्ये कॅस-ए या दुसऱ्याच एन्झाइमचं. दोन्ही मायकोलिक आम्ल बनवण्याच्या साखळीतले. निवाडा कसा झाला? पुन्हा पद्धती शेजारी ठेवून. २००० साली क्षयजंतूचा बिनधोक भाऊ असलेल्या मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसमध्ये आयएनएच-एचा तापमान-संवेदी म्युटंट घेतला. तापमान वाढवलं, औषधाचा कणही नाही, तरी मायकोलिक आम्ल थांबलं आणि पेशी फुटल्या, जसं आयसोनियाझिड देताना होतं तसंच. मग २००६ मध्ये खऱ्या क्षयजंतूच्या आयएनएच-एमध्ये फक्त एक अमिनो आम्ल बदललं आणि तो जंतू औषधाला पुरून उरला. पहिला प्रयोग म्हणतो की प्रथिन बंद केलं की औषधासारखंच होतं. दुसरा म्हणतो की प्रथिनाला औषध चिकटेनासं केलं की औषध हरतं. दोन्ही मिळून वाद मिटला. एकट्या कुणात तेवढा दम नव्हता.

हा वाद पुस्तकात राहिलेला नाही. आज जिल्ह्यातून थुंकीचा नमुना लाइन प्रोब चाचणीला जातो तेव्हा आयसोनियाझिडसाठी कॅट-जी आणि आयएनएच-ए याच दोन जागा बघितल्या जातात. आयएनएच-एच्या आधीच्या भागात बदल असेल तर जंतू ते एन्झाइम जास्त बनवतो आणि थोडंफार सहन करतो; अशा वेळी वाढीव मात्रेने तीच गोळी चालवता येते. कॅट-जीमधला नेहमीचा बदल असेल तर सहसा नाही. चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या एखाद्या पेशंटच्या गोळ्या कोणत्या, ते या जुन्या भांडणाच्या निकालावर ठरतं.

आता नॉकआऊट. यावर मी फार रेंगाळत नाही, कारण हे तुम्हाला क्लासमध्ये पुष्कळ शिकवलंय. १९७० च्या दशकात ट्रान्सपोझॉन, २००० मध्ये डॅट्सेन्को आणि वॉनर यांची लॅम्डा रेडची युक्ती, आणि २००६ मध्ये जपानमधून आलेला केइओ संग्रह. ४२८८ जनुकांवर प्रयत्न केले, ३९८५ काढता आली, ३०३ काढता आली नाहीत. सिनॉप्सिस लिहिण्याआधी आपलं जनुक त्या ३०३ मध्ये तर नाही ना, हे बघायला पाच मिनिटं लागतात. दुसरी तपासणी ऑपेरॉनची: मधलं जनुक उडवलं की पुढची जनुकंही मुकी होऊ शकतात, मग दिसणारा परिणाम शेजाऱ्याचा असतो. म्हणून प्लास्मिडवरून जनुक परत देऊन बघणं, म्हणजे कॉम्प्लिमेंटेशन, हे सोडू नका. आणि नॉकआऊट झालेली वसाहत तुमच्या हातात येते तेव्हा कित्येक पिढ्या होऊन गेलेल्या असतात. जिवाणूने तोवर त्या कमतरतेवर इलाज शोधलेला असू शकतो.

क्रिस्परआय आलं २०१३ मध्ये. कॅस९ ची कात्री बोथट करायची, म्हणजे ते डीएनएवर नुसतं बसून राहतं आणि जनुक वाचू देत नाही. अत्यावश्यक जनुकांनाही चालतं, हवं तेव्हा चालू करता येतं. झकास. माझे दोन महिने इथेच गेले. इंड्युसर घातला, आरएनए मोजला, तो जवळजवळ गायब. पण फेनोटाइप काही दिसेना. गाइड आरएनए बदलला, इंड्युसरची बाटली बदलली, स्वतःवर संशय घेतला. मग एका रात्री हाफकिनच्या सल्फाबद्दल वाचताना ट्यूब पेटली. मी नवीन प्रथिन बनणं थांबवलं होतं. आधी बनलेलं तिथेच होतं. टिकाऊ प्रथिन असेल तर ते फक्त विभाजनाने वाटून वाटून कमी होतं. निम्मं, पाव, आठवा हिस्सा. मी पहिल्याच तासाला बघून प्लेट फेकत होतो. पाच-सहा पिढ्या थांबलो, मधे कल्चर पातळ करत राहिलो, आणि फेनोटाइप आला. सल्फाच्या झोनमधली धूसर कडच होती ती, दुसऱ्या कपड्यांत.

हे टाळायचं तर प्रथिनालाच शेपूट लावून ते पेशीच्या कचरायंत्राकडे पाठवण्याची पद्धत आहे, डेग्रॉन. वेग तापमान-संवेदी म्युटंटसारखा, उष्णतेचा गोंधळ नाही. पण शेपूट लावल्यावर प्रथिन पूर्वीसारखं काम करतं का, हे आधी सिद्ध करावं लागतं, आणि काही प्रथिनांना शेपूट अजिबात मानवत नाही.

आपल्या भागातलं एक उदाहरण देतो, कारण तुमच्यापैकी निम्मे जण यावर प्रोजेक्ट करून आले असतील: सिडेरोफोर. जळगावच्या विद्यापीठात प्रा. सुधीर चिंचोलकर यांच्यामुळे या विषयाला बळ मिळालं आणि खान्देशातल्या कितीतरी कॉलेजांत सीएएस प्लेटवरचा तो निळ्याचा नारिंगी पोचला. आता समजा तुम्हाला म्हणायचंय की तुमचा स्यूडोमोनास सिडेरोफोरमुळे बुरशीला रोखतो. सोपा मार्ग: माध्यमात लोह घाला. लोह मिळालं की जिवाणू सिडेरोफोर बनवत नाही. बुरशी वाढली तर सिद्ध. खर्च शून्य, आणि प्रोजेक्टला ठीकही आहे. पण लोह घालणं म्हणजे एक प्रथिन बंद करणं नव्हे. लोहाबरोबर जिवाणूची कितीतरी जनुकं एकदम वरखाली होतात, आणि लोह बुरशीलाही मिळतं! सल्फाच्या प्लेटमधल्या थायमिडिनसारखं. इथे नॉकआऊटच हवा: सिडेरोफोर बनवणारं एन्झाइम सहसा अत्यावश्यक नसतं, लोह भरपूर असताना म्युटंट मजेत वाढवता येतो. मग म्युटंट, मूळ स्ट्रेन आणि जनुक परत दिलेला म्युटंट, तिघांना कमी लोहात बुरशीसमोर उभं करा. आणि वर वेगळं काढलेलं शुद्ध सिडेरोफोर घालून म्युटंटची उणीव भरून निघते का ते बघा.

म्हणजे त्या ज्युनिअरच्या जनुकाला नॉकआऊट चालत नाही, तुमच्या सिडेरोफोरला तोच लागतो. त्या ज्युनिअरने शेवटी क्रिस्परआय घेतलं, सोबत त्याच प्रथिनावरचं एक ओळखीचं औषध, आणि दोन्हींचे निकाल एकाच आलेखावर काढायचं ठरवलं. जिथे दोन रेषा वेगळ्या जातील तिथे काय समजायचं, याचा एक परिच्छेद त्याने सिनॉप्सिसमध्ये घातलाय. समितीला तो परिच्छेद सर्वांत जास्त आवडला म्हणे.

जाता जाता, डीएच५-अल्फाची ती ओळ काढाच. त्यात ‘पीएचओ-ए’ असेल; गॅरेन आणि सिद्दिकींचं अल्कलाइन फॉस्फटेजचं जनुक, बिघडलेलं. ‘सप-ई-४४’ असेल. ‘जायर-ए-९६’ असेल, गायरेजमधला तो बदल ज्याने नॅलिडिक्सिक आम्ल चालत नाही. आणि ‘रेक-ए-१’ असेल, म्हणजे सुसाइड प्लास्मिडने करायचा जुन्या पद्धतीचा नॉकआऊट या स्ट्रेनमध्ये होणार नाही. तो करायचा असेल तर स्ट्रेन आजच मागवा, यायला महिना लागतो.